समुद्र आत येत नाही, पाणी बाहेर जात नाही

ऑगस्ट २०२४ मध्ये आमच्या बडोद्याची विश्वामित्री नदी २६ फुटांची धोक्याची खूण ओलांडून ३५ च्याही वर गेली. गच्चीत उभे शेजारचे काका म्हणाले, "आपलं नशीब, बडोद्याला समुद्र नाही. मुंबईत भरती आली की समुद्रच शहरात शिरतो."

शिरत नाही हो काका. मरीन ड्राइव्हवर लाटा उडतात ते वेगळं. मुंबई तुंबते ती पावसाच्या पाण्याने. भरती फक्त त्याची वाट अडवते. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि नेमकी त्याच दुपारी ४.४८ मीटरची भरती होती.

नाल्यातलं पाणी समुद्रात पडायचं तर नाल्याची पातळी समुद्राहून वर हवी. मुंबईच्या नाल्यांची १८६ मुखं. त्यांतली ४५ सरासरी समुद्रपातळीच्याही खाली, १३५ भरतीच्या पातळीखाली; भरतीच्या वर फक्त सहा!

आता माझं आवडतं गणित. भरती दर १२ तास २५ मिनिटांनी येते, म्हणजे ७४५ मिनिटांनी. मुख बरोबर सरासरी पातळीवर आहे आणि समुद्र तिच्या दोन मीटर वर, दोन मीटर खाली झुलतोय, असं धरा. मुख ३७२ मिनिटं मोकळं. समुद्राची सरासरी पातळी ३० सेंटिमीटर चढवा आणि साइन वक्रावर (लाटेसारख्या वर-खाली जाणाऱ्या रेषेवर) मोजा: ३३७ मिनिटं. मुख दीड मीटर खाली असेल तर मात्र १७१ मिनिटांची थेट १०७ होतात. चढ तेवढाच, तोटा जवळपास दुप्पट. कारण तळाशी वक्र सपाट असतो.

म्हणून हाजी अली, लव्हग्रोव्ह इथली उदंचन (पंपिंग) केंद्रं. एकेक पंप सेकंदाला ६,००० लिटर पाणी भरतीतही समुद्रात फेकतो. दादरजवळच्या हिंदमाता भागाचं पाणी जमिनीखालच्या टाक्यांत धरून ओहोटीची वाट पाहतात. उधाणाच्या, म्हणजे अमावास्या-पौर्णिमेच्या मोठ्या भरतीच्या, तारखा पावसाळ्याआधीच जाहीर होतात. अमावास्या-पौर्णिमेचं नाव निघालं की ग्रहयोगवाल्यांना चेव येतो, पण चंद्र भरती आणतो, पाऊस नाही. आणि भरतीचं कोष्टक गणिताने निघतं, पत्रिकेने नाही.

राहता राहिलं काकांचं नशीब. आपल्या वरसादी कांसा, म्हणजे पावसाच्या पाण्याचे नाले, विश्वामित्रीत पडतात. नदी ३५ फुटांवर असली की त्यांच्यासाठी तीच समुद्र, आणि तिला सहा तासांनी ओहोटीही येत नाही.