होम फोल्डरच्या ३० प्रती, जागा जेमतेम एकीची

‘लिनक्सला व्हायरस लागत नाही, मग बॅकअप कशाला?’ हा प्रश्न अजूनही ऐकू येतो. पण डिस्क निकामी व्हायला व्हायरसची गरज नसते, आणि चुकून पुसलेली फाइल तर आपल्याच हातून जाते. फोल्डर क्लाउडशी जोडलं की काम झालं, हाही भ्रमच: इकडे पुसलं की तिकडूनही जातं. बॅकअप म्हणजे कालची, परवाची, महिन्यापूर्वीची प्रत हाताशी असणं.

समजा होम फोल्डर, म्हणजे आपल्या सगळ्या फायली जिथे असतात ते फोल्डर, ४० जीबी आहे आणि त्यातल्या २०० एमबी फायली रोज बदलतात. ३० दिवसांच्या ३० प्रतींना १,२०० जीबी लागतील. फायलींच्या प्रती घेणारा आरसिंक हेच काम ४६ जीबीच्या आत करतो. अँड्र्यू ट्रिजेल आणि पॉल मॅकेरस यांचा हा १९९६ सालचा प्रोग्राम. त्यातल्या ‘लिंक-डेस्ट’ या पर्यायावर माझा फार जीव आहे.

लिनक्समध्ये फाइल वेगळी आणि तिचं नाव वेगळं. मजकूर डिस्कवर कुठे आहे, मालक कोण, परवानग्या काय, हे सगळं ‘आयनोड’ या नोंदीत असतं. फोल्डरमध्ये असतं फक्त नाव आणि आयनोडचा क्रमांक. त्यामुळे एकाच आयनोडला अनेक नावं देता येतात. हीच हार्ड लिंक. आपली नावं किती, याचा आकडा आयनोडमध्येच असतो. एक नाव पुसलं की तो एकाने उतरतो आणि शून्यावर आला की मगच जागा मोकळी होते.

बॅकअप घेताना ‘लिंक-डेस्ट’ने कालचं फोल्डर दाखवलं, की आरसिंक प्रत्येक फाइलचा आकार, शेवटच्या बदलाची वेळ आणि परवानग्या कालच्या प्रतीशी ताडून पाहतो. जुळलं, तर मजकूर न उतरवता जुन्याच आयनोडला आजच्या फोल्डरात आणखी एक नाव. नाही जुळलं, तर नवी फाइल, नवा आयनोड. जुन्याला धक्का नाही. म्हणून रोजचं फोल्डर पूर्ण दिसतं आणि पूर्ण असतंही! पहिल्या दिवसाचं फोल्डर उडवलं तरी दुसऱ्या दिवसाचं शाबूत राहतं, कारण त्यातल्या फायलींच्या नावांचा आकडा शून्यावर आलेलाच नसतो.

डिस्कवर फायली मांडण्याच्या पद्धतीला फाइल सिस्टिम म्हणतात. पेनड्राइव्हवर बहुधा असणाऱ्या फॅट किंवा एक्सफॅट या फाइल सिस्टिममध्ये हार्ड लिंक चालत नाहीत. बॅकअपची डिस्क लिनक्सच्या ईएक्सटी४ या फाइल सिस्टिममध्ये फॉरमॅट करून घ्यावी. टिंबाने सुरू होणाऱ्या लपलेल्या फायली सोडू नयेत, दुसऱ्या संगणकात सुरक्षितपणे शिरायच्या एसएसएचच्या किल्ल्या तिथेच असतात. बॅकअपमधली फाइल तिथल्या तिथे दुरुस्त करू नये, नाहीतर सगळ्याच दिवसांत बदल होऊ शकतो. आणि न बदललेली फाइल ३० फोल्डरांत दिसली तरी डिस्कवर एकदाच असते. तेवढाच भाग खराब झाला तर तिच्या ३० प्रती एकदम गेल्या. म्हणून दुसरी डिस्क हवीच, तीही शक्यतो दुसऱ्या घरी.