आधी ऊब, मग दूध

पाळीव उंदरीण व्यायल्यावर दगावली की पिल्लांकडे पाहून प्रत्येकाच्या तोंडी एकच प्रश्न येतो: यांना दूध कोणतं द्यायचं? प्रश्न रास्त आहे, पण तो दुसऱ्या क्रमांकाचा. गार पडलेल्या पिल्लाला दूध पाजणं धोक्याचं असतं. आतड्यांची हालचाल मंदावलेली असते, दूध पचत नाही, आणि गिळण्याची ताकद नसल्यानं ते फुप्फुसात उतरू शकतं. पिल्लू आधी हाताला कोमट लागलं पाहिजे.

नवजात पिल्लाचं वजन जेमतेम दीड ग्रॅम. मोठा उंदीर २४ ग्रॅमचा धरला, तर पिल्लू त्याच्या सोळाव्या हिश्शाचं. वजन लांबीच्या घनानं वाढतं आणि कातडीचं क्षेत्रफळ वर्गानं, हे गणित शाळेतलंच. त्या हिशेबानं ग्रॅममागे पिल्लाची कातडी मोठ्या उंदराच्या अडीचपट भरते. उष्णता तितक्याच वेगानं निसटते. अंगावर केस नाहीत, आणि थरथरून ऊब मिळवण्याइतके स्नायूही तयार झालेले नाहीत.

मग ते तग धरतं ते दोन खांद्यांच्या मधल्या तपकिरी चरबीवर. कोनराड गेसनर या स्विस निसर्गअभ्यासकानं १५५१ मध्ये मार्मोट या खारीच्या कुळातल्या प्राण्याच्या शरीरातली ही उती वर्णन केली, तेव्हा ती धड चरबी नाही आणि धड मांसही नाही, असं नोंदवलं. तिचा तपकिरी रंग येतो तो मुख्यतः खच्चून भरलेल्या मायटोकॉन्ड्रियांमुळे, म्हणजे पेशीत ऊर्जा तयार करणाऱ्या सूक्ष्म घटकांमुळे.

या मायटोकॉन्ड्रियांत जे घडतं ते मला जीवशास्त्रातल्या सर्वांत देखण्या गोष्टींपैकी एक वाटतं. एरवी अन्नाचं ज्वलन होताना इलेक्ट्रॉन आतल्या पडद्यातल्या प्रथिनांवरून पुढे सरकतात आणि त्या ऊर्जेवर प्रोटॉन पडद्याबाहेर ढकलले जातात. बाहेर साचलेले प्रोटॉन एटीपी सिंथेज या प्रथिनातून परत आत येतात आणि येता येता एटीपी, म्हणजे पेशीला कामासाठी ऊर्जा पुरवणारा रेणू, तयार होतो. तपकिरी चरबीत याच पडद्यात आणखी एक प्रथिन बसलेलं असतं, यूसीपी-१. धरणाचं पाणी टर्बाइनवर न जाता सांडव्यातून सुटावं, तसे प्रोटॉन त्यातून आत शिरतात. त्या वाटेनं एटीपी बनत नाही, ऊर्जा उष्णता होऊन बाहेर पडते.

हा सांडवा एरवी बंद असतो, कारण पेशीतले प्युरीन न्यूक्लिओटाइड (एटीपीसारखे रेणू) त्याला अडवून धरतात. कातडीला गारवा लागला की मेंदूकडून संदेश निघतो, आपोआप चालणाऱ्या सिंपथेटिक चेतातंतूंच्या टोकाशी नॉरॲड्रेनॅलिन हे संदेशवाहक रसायन सुटतं, ते चरबीच्या पेशीवरच्या बीटा-३ ग्राहींना चिकटतं, पेशीत सायक्लिक एएमपी हा निरोप्या रेणू वाढतो आणि साठवलेल्या चरबीतून मेदाम्लं मोकळी होतात. हीच मेदाम्लं सांडवाही उघडतात आणि इंधन म्हणून जळतातही. १९९७ मध्ये यूसीपी-१ नसलेले उंदीर प्रयोगशाळेत तयार केले गेले; त्यांना थंडी सोसेना.

पण इंधनाचा साठा तुटपुंजा असतो. एकटं पडलेलं पिल्लू तो झपाट्यानं संपवतं आणि मिळालेलं दूधही ऊब राखण्यातच खर्च करतं, वाढीला काही उरत नाही. म्हणून पिल्लं कधीही वेगळी करू नयेत, ती एकमेकांच्या अंगावर चढून ऊब वाचवतात. डब्याच्या अर्ध्याच भागाखाली हीटिंग पॅड ठेवावं, म्हणजे जास्त झालं तर सरकायला जागा राहते. आत मऊ टिश्यूपेपर हवा. कापसाचे धागे पायाला गुंडाळले जातात. केस येईपर्यंत घरट्याचं तापमान ३२ ते ३४ अंश सेल्सिअस राखावं. शांतता पाहून निर्धास्त राहू नये. गारठलेलं पिल्लू ४० किलोहर्ट्झच्या वरच्या आवाजात ओरडतं, आपला कान २० च्या पुढे बहिरा.

दुधासाठी मांजराच्या पिल्लांचं पर्यायी दूध त्यातल्या त्यात जवळचं. उंदरिणीचं दूध गायीच्या दुधापेक्षा कित्येक पटीनं स्निग्ध असतं, त्यामुळे गायीचं दूध पुरं पडत नाही. कोमट दूध बारीक रंगब्रशच्या टोकावर घ्यावं, पिल्लू पालथंच धरावं आणि त्याला चाटू द्यावं. नाकाशी बुडबुडा दिसला की लगेच थांबावं. पोट भरलं की पातळ कातडीतून डाव्या बाजूला पांढरा पट्टा दिसतो. इतकं बोलकं चिन्ह दुसरं नाही. पहिल्या आठवड्यात दर दोन तासांनी, रात्रीसुद्धा पाजावं लागतं. पाजल्यावर ओल्या कापसानं पोटाखाली हलकेच पुसलं नाही, तर पिल्लाला लघवीही होत नाही.

एवढं करूनही अगदी लहान पिल्लं बऱ्याचदा दगावतात. ‘हमखास जगवणारे’ थेंब आणि पावडरी विकणाऱ्यांच्या नादी लागू नये. खरा उपाय म्हणजे दूध देणारी दुसरी उंदरीण. माणसाचा हात लागला की आई पिल्लू टाकते, या समजुतीपायी लोक तिच्याकडे न्यायला कचरतात. पण प्रयोगशाळांत पिल्लं दुसऱ्या आईकडे सोपवणं नेहमीचं आहे. तिच्या घरट्यातलं थोडं अंथरूण पिल्लांच्या अंगाला चोळून ती तिच्या पिल्लांत मिसळावीत. बहुतेकदा ती त्यांना जवळ घेते. आधीचीच पिल्लं भरपूर असतील, तर मात्र दूध पुरत नाही.

डोळे बाराव्या ते चौदाव्या दिवशी उघडतात, तेव्हापासून मऊ खाणं समोर ठेवावं. तिसऱ्या आठवड्याअखेर दूध सुटतं. पाचवा आठवडा भरण्याआधी नर आणि माद्या वेगळ्या करायला हव्यात, कारण भावंडांतही माद्या गाभण राहतात.