घरभरणी

घरभरणी : नव्या घरात राहायला जाताना देव, अग्नी, पाणी, धान्य आणि माणसे यांनी ते घर पहिल्यांदा भरण्याची रीत. सातारा व सांगली जिल्ह्यांत पत्रिकेवर बहुधा ‘वास्तुशांती’ छापलेले असते; तोंडी आमंत्रण मात्र ‘आमच्या घरभरणीला यायचं’ असे असते. दोन्ही एकाच दिवशी होत असल्या, तरी त्या एक नव्हेत. वास्तुशांत पुरोहिताच्या हातची, सकाळच्या काही तासांत उरकणारी. घरभरणी घरच्या बाया, भावकी आणि सोयरे मिळून करतात, आणि विटा-सिमेंटच्या बांधकामाला घरपण येते ते तिच्यामुळेच.

घराचा पहिला मान चौकटीला. मुख्य दाराची चौकट उभी राहते त्या दिवशी तिला हळदकुंकू लावून वरच्या आडव्या लाकडाला आंब्याचा टाळा बांधतात, नारळ फोडतात, सुताराला टॉवेल-टोपी देतात. भिंती अजून कमरेएवढ्याच असतात, पण तेव्हापासून उंबऱ्यावर बसलेल्या पोराला ‘ऊठ तिथनं’ म्हणून दटावले जाते. गावेही उंबऱ्यांवर मोजतात. ‘दीडशे उंबऱ्यांचं गाव’ म्हटले की तेवढी नांदती घरे, असा त्याचा अर्थ.

वास्तुशांतीचा आधार मत्स्यपुराणातील कथेत आहे. अंधकासुराशी लढताना शंकराच्या घामातून एक भयंकर भूत जन्मले आणि ते भुकेने त्रैलोक्य गिळायला निघाले. देवांनी त्याला जमिनीवर पाडले आणि ते त्याच्या अंगावर वस्तीला राहिले. तोच वास्तुपुरुष. पूजेत ८१ पदांचे मंडल मांडून ४५ देवतांना आवाहन करतात, होम होतो, घराभोवती सूत गुंडाळतात आणि वास्तुपुरुषाची लहानशी प्रतिमा आग्नेय कोपऱ्यात पालथी पुरतात. घरात अभद्र बोलू नये, वास्तू ‘तथास्तु’ म्हणते, हा समज पूजा न करणाऱ्या घरांतही पक्का आहे.

खरी घरभरणी उंबऱ्यापासून सुरू होते. घरची बाई पाण्याने भरलेली कळशी घेऊन उजवे पाऊल आत टाकते. मागून येणाऱ्या सवाष्णींपैकी कोणाच्या हातात समई, कोणाच्या सुपात गहू-ज्वारी. कोणी मिठाचा पुडा, कोणी नवी केरसुणी घेतलेली असते. रिकाम्या हाताने आत कोणी शिरत नाही. मग शेगडीला हळदकुंकवाची बोटे ओढून दूध ठेवतात. एरवी दूध वर येताच आच कमी करायला धावणारी बाई त्या दिवशी हात बांधून उभी राहते. दूध उतू जायलाच हवे. ते पूर्वेला ओघळले तर चांगले, म्हणून म्हाताऱ्या बायका ओट्याशी वाकून पाहतात. उरलेल्या दुधाची खीर होते आणि तिचा नैवेद्य दाखवतात.

दुपारी पंगती बसतात. घरच्या बाईच्या माहेरचा आहेर वाजतगाजत येतो. त्यात कपड्यांबरोबर एखादे तरी भांडे असते, नाव आणि तारीख घातलेले. वर्षांनंतर फडताळातला पितळी डबा पालथा केला की घर कधी भरले ते त्याच्या बुडावर सापडते. रात्री घरातले कोणीतरी तिथे झोपलेच पाहिजे आणि दिवा विझता कामा नये. हा नियम सगळ्यांत कसोशीने पाळला जातो, आणि तो तसा पाळला जाणे योग्यच आहे.

पुढे सवडीने कुलदैवताचा जागरण-गोंधळ होतो. पालीचा खंडोबा, मांढरदेवची काळूबाई, औंधची यमाई, म्हसवड आणि खरसुंडीचा सिद्धनाथ ही या मुलखातली मोठी कुलदैवते. भाऊ वेगळे झाले की थोरल्याकडे देव राहतात आणि धाकटा देवांचे नवे टाक घडवून घेतो. चूल आणि देव्हारा वेगळे झाले की घर वेगळे झाले.

पुरोहिताशिवायही घर भरते. महात्मा फुले यांचे मूळ गाव कटगुण खटाव तालुक्यातले, आणि सत्यशोधक पद्धतीने भटजीवाचून विधी करण्याची चाल सातारा जिल्ह्याला जुनी आहे. बौद्ध कुटुंबांत त्रिशरण-पंचशील आणि बुद्धवंदना होते, मुसलमान कुटुंबांत कुराणखानी, लिंगायतांत जंगमाची पाद्यपूजा. पंगत सगळीकडे.

भरलेले घर रितेही होते. पाटण, जावळी, खटाव, माण या तालुक्यांतून मुंबईला माथाडी आणि गिरणी कामगार म्हणून गेलेल्यांनी गावी बांधलेली पुष्कळ घरे वर्षभर कुलपात असतात. ती यात्रेला आणि गणपतीत उघडतात. तरी यात्रेची वर्गणी घरटी असते, आणि बंद घराचा मालकही आपला वाटा मुंबईहून पोहोचवतो. कोयना धरणाने विस्थापित झालेल्यांना तर घराबरोबर गावही नव्याने भरावे लागले. त्या खोऱ्यात मागे राहिलेल्यांची घरे ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे भूकंपाने पाडली. कृष्णाकाठी २००५, २०१९ आणि २०२१ मध्ये महापूर आले. पाणी चढताना माणसे जनावरांचे दावे सोडतात, कागदपत्रे घेतात आणि देव्हाऱ्यातले देव फडक्यात बांधतात. घरभरणीत जे आधी आत येते, तेच आधी बाहेर काढले जाते.

सातारा, कराड, सांगलीतल्या फ्लॅटमध्ये प्रतिमा पुरायला माती नाही. तिथे फरशीवाल्याला आधीच सांगून स्वयंपाकघराच्या आग्नेय कोपऱ्यातली एक फरशी सुटी ठेवतात आणि पूजेनंतर ती बसवून घेतात. भाड्याच्या घरात वास्तुशांत बहुधा करत नाहीत; दूध तेवढे उतू घालवतात.