बीपी २१० आहे, पण धोका कुठे आहे?

कोल्हापूरच्या सीपीआर या सरकारी रुग्णालयात एकाच रात्री तीन रुग्ण आले असं समजा. गगनबावड्याचे आजोबा, शिरोली एमआयडीसीतला कामगार आणि राजारामपुरीतल्या काकू. तिघांचंही बीपी २१०/१२०. घरच्यांचा धोशा एकच, "डॉक्टर, आधी बीपी उतरवा." पण ते किती आणि किती वेगानं उतरवायचं, हे कुठला अवयव धोक्यात आहे यावर ठरतं.

आजोबांना आडवंच होता येत नाही, खोकल्यातून गुलाबीसर फेस येतोय. आकसलेल्या धमन्यांत रक्त ढकलून हृदयाचा डावा कप्पा थकला आणि फुप्फुसात पाणी भरलं. इथे दाब लवकर उतरवणं हाच मुख्य इलाज. त्यांना बसतं ठेवून मास्कमधून दाबानं ऑक्सिजन, शिरेतून रक्तवाहिन्या सैल करणारं नायट्रोग्लिसरीन आणि लघवी वाढवणारं फ्युरोसेमाइड देतात.

कामगाराला हार्ट अटॅक आलाय. हृदयाच्या स्नायूला रक्त मिळतं ते मुख्यतः दोन ठोक्यांच्या मधल्या विसाव्यात, खालच्या दाबाच्या जोरावर. तो एकदम पाडला, तर आधीच उपाशी असलेला स्नायू मरतो. त्यामुळे बीपी बेतानं उतरवायचं. व्हायग्रासारखी गोळी घेतली असेल तर इथे लाजू नये, लगेच सांगावं. तिच्यावर नायट्रोग्लिसरीन पडलं की बीपी जीवघेणं कोसळतं.

सर्वांत फसवं दुखणं काकूंचं. पाठीत काहीतरी फाटल्यासारखी कळ, आणि दोन हातांच्या बीपीत मोठा फरक. महाधमनीचं आतलं अस्तर चिरलंय. प्रत्येक ठोक्याच्या हिसक्यानं चीर पुढे सरकते. वरचं बीपी १२० पर्यंत आणि ठोके ६० च्या आत आणायचे, तेही मिनिटांच्या हिशेबात. आधी ठोके आवरणारं एस्मोलॉल किंवा लॅबेटॅलॉल, धमन्या सैल करणारं औषध त्यानंतरच. क्रम उलटला तर पडलेला दाब सावरायला हृदय आणखी जोरात धावतं. हार्ट अटॅक समजून गुठळी विरघळवणारं इंजेक्शन दिलं तर अनर्थच. शंका येताच सीटी स्कॅन करतात तो यासाठी.

आणि ज्याला आकड्यापलीकडे काहीच त्रास नाही, त्याचं बीपी नेहमीच्या गोळ्यांनी, सावकाश आणायचं. बीपी झटकन उतरवणाऱ्या निफेडिपिनची कॅप्सूल फोडून जिभेखाली सोडणं पूर्ण बंद व्हायला हवं. तिनं दाब किती पडेल याचा नेम नसतो. लकवा आणि हार्ट अटॅक ओढवल्याच्या नोंदी आहेत. मात्र छातीत कळ, धाप, बोलण्यात अडखळणं यांपैकी काहीही दिसलं, तर १०८ ला फोन करा आणि चालू गोळ्यांची पाकिटं सोबत न्या.