रुग्णालयातलं लॉगिन: टायपिंग यंत्राचं, नाव माणसाचं

धार, देवास, खरगोनहून रात्री-अपरात्री पेशंट इंदूरला आणले जातात. वॉर्डात सिस्टरांच्या टेबलावर संगणक एकच असतो, पण त्यात सॉफ्टवेअर चार असतात. नोंदणी आणि बिलाचं एक, लॅबच्या रिपोर्टांचं दुसरं, एक्स-रे आणि सीटी पाहायचं तिसरं, औषधं मागवायचं चौथं. प्रत्येकाचा पासवर्ड वेगळा, आणि थोडा वेळ हात लावला नाही की ते आपोआप बंद होतं. मग नवीन लागलेली मुलगी विचारते, "ताई, पासवर्ड कुठला टाकू?" उत्तर ठरलेलं: "तो बघ, मॉनिटरवर चिठ्ठी लावलीय. सगळे तोच टाकतात."

या चिठ्ठीला सिस्टरांचा आळस म्हणणं अन्यायाचं आहे. पोटॅशियम ६.८, म्हणजे जिवाला धोका व्हावा इतकं जास्त, आलेल्या पेशंटचा रिपोर्ट उघडताना कुणी चार पासवर्ड आठवत बसावं, ही अपेक्षाच चुकीची आहे. लॉगिनचं काम स्क्रिप्टवर, म्हणजे ठरलेली पावलं आपोआप करणाऱ्या छोट्या प्रोग्रॅमवर, सोपवायला हवं. प्रश्न आहे तो ती स्क्रिप्ट कशी लिहायची याचा.

सर्वांत सोपी स्क्रिप्ट माणसाच्या हाताची नक्कल करते. पडद्यावर अमुक ठिकाणी क्लिक कर, तीन सेकंद थांब, पासवर्ड टाइप कर, एंटर दाब. ऑटोहॉटकीसारख्या मोफत साधनात हे चार ओळींत होतं आणि बरेच दिवस चालतंही. मग एखाद्या दिवशी सर्व्हर मंदावतो किंवा मध्येच अपडेटची खिडकी उघडते. स्क्रिप्टला यातलं काही दिसत नाही, ती टाइप करत राहते. तेव्हा मागे पेशंटच्या नोंदीचा रकाना उघडा असला, तर पासवर्ड उघड अक्षरांत त्या नोंदीत जाऊन बसतो.

चांगली स्क्रिप्ट जागा बघत नाही, ती रकान्याचं नाव विचारते. विंडोजमध्ये त्यासाठी यूआय ऑटोमेशन नावाची सोय आहे. अंध व्यक्तींना पडदा वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरला कुठलं बटण काय आहे हे कळावं, हा तिचा मूळ उद्देश. ब्राउझरमध्ये हेच काम २००४ साली सुरू झालेलं सेलेनियम हे साधन करतं. रकाना खरोखर समोर येईपर्यंत थांबायचं आणि मगच भरायचं, म्हणजे सर्व्हर मंद असला तरी बिघडत नाही.

खिडकी उघड, वाट बघ, भर, बटण दाब, आत गेलो का ते तपास, हा क्रम चारही सॉफ्टवेअरना सारखाच लागू पडतो. वेगळी असतात ती फक्त नावं. ती एका स्वतंत्र सेटिंगच्या फाइलमध्ये ठेवली की स्क्रिप्ट एकच पुरते. लॅबच्या सॉफ्टवेअरने उद्या पडदा बदलला, तर त्या फाइलमधली एखाद-दुसरी ओळ बदलायची. शेवटच्या तपासणीला मात्र कुणी फाटा देऊ नये. आत गेल्यावर वर जे नाव दिसतं ते याच सिस्टरचं आहे का, हे स्क्रिप्टने वाचायलाच हवं. आणि पासवर्ड चुकला तर तिथेच थांबायचं. बऱ्याच प्रणाली काही चुकीच्या प्रयत्नांनंतर खातं बंद करतात. पुन्हापुन्हा प्रयत्न करणारी स्क्रिप्ट ऐन घाईत सिस्टरलाच बाहेर ठेवते.

पासवर्ड स्क्रिप्टमध्ये लिहिणं म्हणजे मॉनिटरवरची चिठ्ठी फाइलमध्ये चिकटवणं. तो क्रेडेन्शियल मॅनेजरमध्ये, म्हणजे विंडोजच्या पासवर्ड जपून ठेवायच्या सोयीत, ठेवावा. तिथे तो त्या व्यक्तीच्या स्वतःच्या विंडोज खात्याला बांधून कूटबद्ध होतो, त्यामुळे साठवलेल्या पासवर्डची फाइल नुसती उचलून दुसऱ्या खात्यात नेली तर उलगडत नाही. सिस्टरने स्वतःचं कार्ड टेकवावं किंवा बोट ठेवावं, पुढचं स्क्रिप्टने बघावं.

खरं तर सॉफ्टवेअर नवं असेल तर स्क्रिप्ट लिहूच नये. एकदाच ओळख पटवून सगळीकडे प्रवेश देणाऱ्या पद्धती जुन्या आहेत. अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठात १९८३ साली सुरू झालेल्या अथीना प्रकल्पातून कर्बेरोस ही अशी एक पद्धत तयार झाली. त्यात पासवर्ड नेटवर्कवरून जातच नाही, ठरावीक मुदतीचं तिकीट फिरतं. २०१२ साली ओऑथ २.०, म्हणजे पासवर्ड न देता एका सॉफ्टवेअरला दुसऱ्यात प्रवेशाची परवानगी देण्याचं तंत्र, प्रमाणित झालं आणि आज रुग्णालयांच्या सॉफ्टवेअरमध्येही ते वापरलं जातं. स्क्रिप्ट लागते ती यातलं काहीच न समजणाऱ्या जुन्या सॉफ्टवेअरसाठी.

नोव्हेंबर २०२२मध्ये दिल्लीच्या एम्सवर सायबर हल्ला झाला आणि कित्येक दिवस कामकाज कागदावर करावं लागलं. त्याच वर्षी सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेने संगणक प्रणालींच्या नोंदी १८० दिवस जपून ठेवण्याचा नियम केला. पण सगळा वॉर्ड एकाच नावाने आत जात असेल, तर त्या नोंदी सांगणार तरी काय? इन्सुलिनच्या ६ युनिटच्या जागी १६ पडले तर 'वॉर्ड २' एवढंच हाती लागेल. ज्या सिस्टरने चूक केली नाही तिला ते सिद्ध करता येणार नाही, आणि चूक कुठे झाली हेही कळणार नाही.

म्हणून काही जागी स्क्रिप्ट मुद्दाम अडवावी. रक्त चढवण्यापूर्वी दोघींनी वेगवेगळी पिशवी तपासून आपापली नोंद करायची असते. दुसरी नोंद स्क्रिप्टने भरली, तर दुसऱ्या सिस्टरने पिशवी पाहिली याला पुरावाच उरत नाही. त्या पडद्यावर पासवर्ड तिच्याच हाताने पडायला हवा.