टाकं, टँक आणि कागद: बेळगावच्या छोट्या रणगाड्यांची पार्श्वभूमी

बेळगाव, शहापूर, वडगाव, अनगोळच्या गल्ल्यांत दिवाळीला किल्ले होतात हे सांगायला नको. मावळ्यांच्या शेजारी रणगाडा ठेवावा की नाही, हा वादही किल्ल्याची माती कालवायला घेतली की दर वर्षी निघतो. आमच्या लहानपणी तो रणगाडा काडेपेटीचा असायचा. काडेपेटीवर बाटलीचं बूच चिकटवायचं, बुचात उदबत्तीची काडी खोचायची, दोन्ही बाजूंना वहीच्या पुठ्ठ्याच्या पट्ट्या लावायच्या की झाला टँक. आज त्याच गल्ल्यांतली मुलं १:७२ मापाचा, छापून, कापून, घड्या घालून जोडलेला रेनो एफटी, म्हणजे पहिल्या महायुद्धातला फ्रेंच हलका रणगाडा, ठेवतात. काडेपेटीपासून इथवरचा प्रवास समजायला तीन गोष्टी बघाव्या लागतात: कागद, पत्रा आणि एक शब्द.

कागद कापून वस्तू उभी करायचे छापील तक्ते फ्रान्समधल्या एपिनाल गावात एकोणिसाव्या शतकात निघत होते. दुसऱ्या महायुद्धात लाकूड आणि धातू दुर्मीळ झाले तेव्हा ब्रिटनमध्ये पोस्टकार्डाच्या आकाराच्या कार्डांवर छापलेले नमुने खपले. रणगाड्यांच्या बाबतीत खरी परंपरा पोलंडची. तिथे १९५७ पासून एका मासिकातून कागदी नमुने घरोघर गेले आणि रणगाड्यासाठी १:२५ हे माप तिकडे रूढ झालं. आपल्याकडे १:७२ रुजलं, कारण ते किल्ल्यावरच्या जागेला सोसतं आणि एका ए-फोर कागदात पूर्ण गाडी मावते.

सुरुवातीचे हलके रणगाडेच कागदाला का मानवतात, याचं उत्तर त्यांच्या बांधणीत आहे. १९१७ साली तयार झालेला आणि ३१ मे १९१८ रोजी पहिल्यांदा लढाईत उतरलेला रेनो एफटी म्हणजे सांगाड्यावर रिव्हेट मारून बसवलेले सपाट पत्रे. सपाट पत्रा कागदावर जसाच्या तसा उलगडतो. नंतरच्या काळातले ओतीव, सगळीकडून गोलाई असलेले बुरूज (गाडीवरचा तोफेचा फिरता भाग) कागदाला जुमानत नाहीत; कितीही चिरा पाडा, फुगवटा येतच नाही. एफटीला एक गोल आणि एक अष्टकोनी असे दोन प्रकारचे बुरूज होते. नवख्याने अष्टकोनी घ्यावा.

मला या गाडीत सर्वांत आवडलेली गोष्ट मापाची आहे. एफटीच्या बाजूचे उभे पत्रे १६ मिलिमीटर जाड, बुरुजाचे २२. ते ७२ ने भागा: एक साधारण ०.२२ येतो, दुसरा ०.३. पहिली जाडी चांगल्या कार्डशीटची, दुसरी लग्नपत्रिकेच्या जाड आर्ट कार्डाची. म्हणजे गाडीत पत्रा जितका जाड होता, तितकाच कागद त्या मापात जाड पडतो. बुरुजाच्या वरचं झाकण उघडं ठेवलं तर त्याची कड खरी दिसते, वेगळी जाडी दाखवावी लागत नाही. शेपटीसकट (खंदक ओलांडायला मागे लावलेली जोड) गाडी जेमतेम ७ सेंटिमीटर, रुंदी अडीचच्या आत. जुन्या काडेपेटीशेजारी ठेवून बघा, आमची मापं फार चुकली नव्हती.

आता शब्द: ‘टँक’ परका की आपला? याच्यावर इथे जितकी भांडणं होतात तितकी रंगावरूनही होत नाहीत.

१९१५ साली ब्रिटनमध्ये ही गाडी गुपचूप बांधली जात होती तेव्हा तिला ‘लँडशिप’ म्हणत. नावावरून गुपित फुटेल म्हणून पाणी वाहून नेणारी गाडी असं नाव सुचवलं गेलं, पण त्याची इंग्रजी आद्याक्षरं (डब्ल्यू. सी.) संडासाची निघाली. मग डिसेंबर १९१५ मध्ये ‘टँक’ ठरलं, म्हणजे पाण्याची टाकी. १५ सप्टेंबर १९१६ ला ती गाडी फ्रान्समध्ये रणांगणात उतरली आणि नाव कायमचं चिकटलं. इथपर्यंत सर्वांना मान्य आहे.

पण पाण्याच्या साठ्याला इंग्रजीत टँक हा शब्द आला कुठून? इंग्रजी कोश पश्चिम हिंदुस्थानाकडे बोट दाखवतात: गुजराती ‘टांकुं’, मराठी ‘टांकें’. दुसरा पक्ष पोर्तुगीज ‘तांक’ पुढे करतो. तो शब्द पाणी अडवणे या अर्थाच्या क्रियापदाशी जोडला जातो. गोव्याच्या किनाऱ्यावर दोन्ही शब्द एकमेकांना भेटले असणार हे मान्य. तरी माझा कल स्पष्ट आहे. दगड फोडायची टाकी आणि दगडात खोदलेलं टाकं यांचं नातं कानालाच कळतं. सह्याद्रीतल्या गडांवरची टाकी पोर्तुगीज येण्याच्या कितीतरी आधीपासून पाणी धरून आहेत. धारवाड-बेळगावकडच्या गावतळ्यांना सरकारी इंग्रजीत आजही टँक म्हणतात, तेही त्याच वळणातून आलेलं. ‘रणगाडा’ हा शब्द सुरेख आहे, मी लिहिताना तोच वापरतो. पण मुलगा ‘टँक’ म्हणाला की त्याला परका शब्द वापरलास म्हणून दटावणाऱ्यांनी थोडं थांबावं. किल्ल्यावर वाटी पुरून आपण जे टाकं करतो आणि पायथ्याशी जो टँक उभा करतो, त्या दोघांचं आडनाव बहुधा एकच आहे.

‘हलका’ या शब्दाचाही घोळ आहे, पण तो लवकर सुटतो. एफटी साडेसहा टनांचा, त्याच्या आधीचा ब्रिटिश मार्क वन २८ टनांचा. दुसऱ्या महायुद्धातला स्टुअर्ट १३ टनांच्या आसपास असूनही हलकाच म्हटला गेला. म्हणजे हलकेपणा वजनाचा नाही, कामाचा: पुढे धावायचं, चाहूल घ्यायची. मराठा लाइट इन्फंट्रीच्या गावात हे समजवायला वेळ लागू नये. याच स्टुअर्ट गाड्या भारतीय सैन्याने बुरूज तात्पुरते उतरवून काश्मीरमध्ये वर नेल्या आणि सुमारे साडेअकरा हजार फुटांवरच्या झोजिला खिंडीत १ नोव्हेंबर १९४८ रोजी लढवल्या. १ नोव्हेंबर सीमाभागात १९५६ पासून काळा दिन म्हणून पाळला जातो, त्यामुळे ही तारीख इथल्या मुलांना वेगळी पाठ करावी लागत नाही.

गेल्या वीस वर्षांत मात्र सगळं वेगाने बदललं. इंटरनेटवर फुकट तक्ते मिळू लागले, त्रिमितीय आकार उलगडून देणारी सॉफ्टवेअर आली. नमुन्यांच्या पाकिटांवर ‘एफटी-१७’ छापलेलं असतं. मुळात एफटी ही कारखान्याची नुसती प्रकल्पखूण, १७ मागाहून जोडले गेले. लग्नपत्रिका छापणाऱ्यांकडे उरलेल्या कार्डाच्या पट्ट्या मागितल्या तर मिळतात. लेझर छपाई घडीवर तडकते, इंकजेटची ओल्या बोटाने पसरते, म्हणून इथले जुने हात छपाईवर आधी पातळ वार्निश मारतात आणि मगच कापतात. घडीची रेघ संपलेल्या बॉलपेनने ओढायची. रिव्हेट हवे असतील तर कागद उलटा करून, जाड वहीवर ठेवून, सुईने एकेक टोचायचे. पांढरी कड उघडी राहिली तर जलरंगाचा एक हात. २०२० च्या टाळेबंदीत घरात बसलेल्या पोरांनी हे सगळं एकमेकांना फोनवर शिकवलं आणि त्या दिवाळीला किल्ल्यांपुढे कागदी गाड्या एकदम वाढल्या.

तिथून पुन्हा तोच वाद. काही स्पर्धांत शिवकाळाबाहेरची वस्तू दिसली की गुण कापतात. नियमामागची तळमळ मला कळते, गडाचा अभ्यास व्हावा म्हणूनच तो केला आहे. पण गाडी उचलून टाकायला लावणं मला पटत नाही. आमच्या गल्लीत त्यावर तोड निघाली: किल्ल्याच्या बाहेर एक कौल मांडायचं आणि टँक त्याच्यावर. परीक्षकांनी ते चालवून घेतलं. संध्याकाळी पणत्या लागल्या की कौलावर गर्दी होते, आणि दव पडायच्या आत कुणीतरी मोठं माणूस गाडी उचलून घरात नेतं, कारण वार्निशचे दोन हात दिले तरी शेपटीचा सांधा पहिल्याच रात्री सुटतो.