बिंबाणूंचे वाहत्या रक्तातील आसंजन व समूहन

रक्तवाहिनी जिथे फाटते तिथे वाहत्या रक्तातले बिंबाणू चिकटून बसतात; याला आसंजन म्हणतात. बसलेल्यांवर मागून येणारे अडकत जाऊन त्यांचा गोळा बनतो, ते समूहन. बिंबाणू म्हणजे प्लेटलेट. मराठवाड्यात दवाखान्यात त्यांना नुसते ‘पेशी’ म्हणतात आणि डेंग्यूच्या दिवसांत ‘पेशी किती आल्या?’ हाच पहिला प्रश्न असतो. आकडा महत्त्वाचा आहेच. पण पेशी आपले काम कसे करते हे समजायला प्रवाहाकडेच पाहावे लागते.

बिंबाणू हे अस्थिमज्जेतील मोठ्या पेशींपासून सुटलेले, केंद्रक नसलेले तुकडे असतात. व्यास २ ते ३ मायक्रोमीटर, आयुष्य ७ ते १० दिवस, संख्या रक्ताच्या एका मायक्रोलिटरमध्ये साधारण दीड ते साडेचार लाख.

पैठणच्या डाव्या कालव्यावर उभे राहिले की मधले पाणी ओढीने जाताना आणि काठचे रेंगाळताना दिसते. रक्तवाहिनीतही भिंतीला टेकलेला थर जवळजवळ थांबलेला असतो आणि आतला प्रत्येक थर त्याहून वेगाने सरकतो. शेजारच्या थरांमधल्या अंतराच्या हिशेबाने त्यांच्या वेगात पडणाऱ्या या फरकाला कर्तन दर म्हणतात. तो भिंतीपाशी सर्वांत जास्त असतो : शिरांमध्ये सेकंदाला २० ते २००, मोठ्या धमन्यांत ३०० ते ८००, आणि चरबीच्या थराने अरुंद झालेल्या धमनीत १० हजारांच्याही वर. लाल पेशी मधोमध गर्दी करून चालतात आणि बिंबाणूंना काठाकडे ढकलतात. कालव्याच्या काठाला काडीकचरा साचतो तो पाणी संथ असते म्हणून; धमनीत मात्र बिंबाणू ओढ असतानाच पकड घेतो, आणि हेच या विषयातले सर्वांत विलक्षण सत्य आहे.

ही पकड व्हॉन विलेब्रांड घटक नावाच्या लांबलचक प्रथिनामुळे बसते. एरवी ते सुताच्या गुंडीसारखे गुरफटलेले असते आणि बिंबाणूला धरणाऱ्या त्याच्या जागा आत झाकलेल्या राहतात. भिंतीचे अस्तर सोलले गेले की खालचे कोलॅजेन हे तंतुमय प्रथिन उघडे पडते. व्हॉन विलेब्रांड घटक त्याला चिकटतो आणि वाहते रक्तच त्याला ताणून उलगडते. उघड्या पडलेल्या जागा बिंबाणूवरचा ग्लायकोप्रोटीन-१बी हा ग्राहक (पृष्ठभागावरचे पकड घेणारे प्रथिन) धरतो. ही पकड क्षणात बसते, क्षणात सुटते. म्हणून बिंबाणू एकदम न थांबता भिंतीवरून घरंगळत हळू होतो. ताण वाढला तर एका मर्यादेपर्यंत ही पकड सुटण्याऐवजी अधिक टिकते. तेवढ्या अवधीत कोलॅजेनचा संदेश आत पोहोचतो, पेशीतले कॅल्शियम वाढते, बिंबाणू पाय फुटल्यासारखा पसरतो आणि एडीपी व थ्रॉम्बोक्सेन ही रसायने सोडून मागच्यांना जागे करतो. मग पृष्ठभागावरचा दुसरा ग्राहक, इंटेग्रिन, उघडतो. रक्तातले फायब्रिनोजेन हे प्रथिन दोन्ही टोकांनी दोन बिंबाणूंना बांधते, आणि गोळा वाढू लागतो. संथ शिरांत व्हॉन विलेब्रांड घटकाची एवढी गरज पडत नाही.

निरोगी अस्तर नायट्रिक ऑक्साइड व प्रोस्टासायक्लिन सोडून या साऱ्याला आवर घालते. अ‍ॅस्पिरिन थ्रॉम्बोक्सेन बनणे बंद करते, तेही त्या बिंबाणूच्या उरलेल्या आयुष्यभरासाठी. हृदयविकारात त्याचा उपयोग होतो. डेंग्यूच्या तापात मात्र ते घ्यायचे नाही, पॅरासिटामॉल घ्यायचे, याचे कारण हेच.

आकडा पुरेसा का नाही, हे ग्लान्झमान विकारात स्पष्ट दिसते. स्विस बालरोगतज्ज्ञ ग्लान्झमान यांनी १९१८ मध्ये त्याचे वर्णन केले. यात इंटेग्रिन सदोष असते. बिंबाणूंची संख्या नेहमीसारखी, तरी नाकातून, हिरड्यांतून रक्त येते, मुलींना पाळीत फार स्राव होतो. दोन्ही पालकांकडून दोष आला तरच हा विकार होतो, त्यामुळे नात्यात लग्ने होणाऱ्या घरांत तो अधिक आढळतो. मामाच्या मुलीशी लग्नाची चाल असलेल्या आपल्या भागात वारंवार घोळणा फुटणाऱ्या मुलाचा अहवाल ‘पेशी चांगल्या आहेत’ म्हणून बाजूला ठेवू नये. बर्नार्ड-सूलिये विकारात (१९४८) ग्लायकोप्रोटीन-१बीच सदोष असते. तिथे पहिली पकडच बसत नाही.

लाल पेशी बिंबाणूंना काठाशी नेतात, म्हणून अंगात रक्त, म्हणजे लाल पेशी, फार कमी असले तर बिंबाणू पुरेसे असूनही रक्त थांबायला वेळ लागतो. मूत्रपिंड निकामी झालेल्या रुग्णांत लाल पेशी वाढवल्यावर हा वेळ कमी होतो. बाळंतपणाला आलेल्या, अंगात रक्त कमी असलेल्या बाईकडे या दृष्टीनेही पाहायला हवे.

नेहमीच्या तपासणीत यंत्र नळीतले बिंबाणू फक्त मोजते. बॉर्न यांनी १९६२ मध्ये आणलेल्या पद्धतीत ढवळलेल्या रक्तद्रवातून किती प्रकाश पार जातो यावरून समूहन मापतात. त्यातही धमनीतली ओढ नसते. ती पाहण्यासाठी कोलॅजेन लावलेल्या काचेवरून, ठरावीक वेगाने, अख्खे रक्त वाहू देतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली बिंबाणू एकेक करून थांबताना दिसतात.